चूल नाल्यात, झाड टेकावर

यंदाच्या मोहाला मी बावीस दिवस जंगलात राहिले. एकटी राहिले. गावात त्याच्या बऱ्याच गोष्टी झाल्या, काही माझ्या कानावरही आल्या. अस्वलाशी मी कुस्ती खेळले, इथपर्यंत एकाने सांगितलं. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते.

आमचं गाव फुलसावंगीच्या पलीकडे, डोंगराला लागून. शेताचा धुरा, म्हणजे बांध, संपला की सरकारी जंगल लागतं. पाऊण तास चढलं की एक लांबट टेकाड येतं, खालून नाला जातो. त्या टेकाडावर मोहाची जुनी मोठी झाडं आहेत. जमीन सरकारची, झाडंही सरकारची. खाली पडलेलं फूल मात्र वेचणाऱ्याचं. कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचं, हे गावाने फार पूर्वी ठरवलेलं आहे. सहा घरांची झाडं तिथे आहेत. कागद कोणाकडेच नाही. नियम तोंडी आहे आणि तो सगळ्यांना पाठ आहे. पहिलं फूल पडल्यापासून शेवटचं पडेपर्यंत घरच्या माणसाने झाडाखाली मुक्काम करायचा आणि रोज तिथे चूल पेटवायची. ज्याची चूल, त्याचं झाड. हंगामात एक दिवसही खाडा झाला तर झाड सुटलं. मग पुढच्या वर्षी जो आधी झाडून बसेल आणि शेवटपर्यंत बसून राहील, त्याचं.

आमच्या घराचं एकच झाड. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूने हातात खराटा दिला आणि म्हणाली, "हे झाडायचं." दुसरं काही सांगितलं नाही. तेव्हापासून मी झाडत आले.

मागच्या वर्षी मोह पडत होता तेव्हा माझा नवरा यवतमाळला दवाखान्यात होता. मी त्याच्या खाटेजवळ होते. पावसाळ्यात तो गेला. त्या हंगामात आमची चूल पेटली नाही. म्हणजे झाड सुटलं होतं, आणि ते सुटलं आहे हे माझ्याआधी माझ्या चुलतदिराला माहीत होतं.

माघात तो घरी आला. त्याची तिथे चार झाडं आहेत, आमच्या झाडाला लागूनच. चहा पिऊन झाल्यावर त्याने विषय काढला.

"वयनी, यंदा मोहाचं कसं करता?"

"जाईन."

"कोन जाईन?"

"मी."

"अन् संग कोन?"

"संग कायले? झाड एकच हाये."

तो हसला. "सत्तरी उलटली तुमची. अस्वल आलं तं काय करसान?"

"अस्वल येऊन काय मांगन? मोहच मांगन. तुमच्यावानी झाड तं मांगत नाई."

त्याचं हसू गेलं. मग तो समजुतीने बोलायला लागला. म्हणाला, मी झाड धरतो, तुमची ओढाताण वाचवतो आणि दरसाल एक पोतं वाळलेलं फूल तुमच्या ओट्यावर आणून टाकतो. त्याच्या मनात कपट होतं असं मी म्हणणार नाही. त्याने पोतं आणून टाकलंही असतं. पण माझ्या हातातलं काढून घ्यायचं, त्यातलंच थोडं मला परत द्यायचं, आणि मी वर त्याचं नाव घ्यायचं, हे मला जमणार नव्हतं. झाडावर माझं प्रेम वगैरे नाही. झाड आहे ते. बैलांना ढेपेत कालवायला फूल लागतं, घरी तिळासोबत शिजवून खायला लागतं, उरलेलं बाजारात जातं. पण त्या टेकाडावर सहा घरं बसतात आणि त्यांत एक आमचं असतं, ते तसंच राहायला पाहिजे होतं. मी मेल्यावर काय होईल ते होईल. मी जिवंत असताना सुटणार नव्हतं.

मुलगा दारव्ह्याला जिनिंगमध्ये मशीनवर आहे. त्याला फोन केला.

"आई, कायले जातं वं? लोक मले काय म्हनतीन?"

"म्हनतीन का पोरगा आला नाई. खरंच हाये ते."

"जिनिंग चालू हाये, सुट्टी नाई भेटत."

"म्या मांगितली का सुट्टी? ताडपत्री मांगून राह्यली. पाठवतं का नाई?"

आठव्या दिवशी फुलसावंगीच्या जीपवाल्याकडे निळी ताडपत्री आली. सोबत एक टॉर्च होता, तो मी मागितला नव्हता.

पहिलं फूल पडायच्या आठ दिवस आधी मी वर जायला लागले. सामान तीन खेपांत नेलं. जंगलातली ओली फांदी तोडायची नाही, म्हणून घरच्याच तुराट्या नेल्या आणि चार जुने बांबू. बांबू रोवले, तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड बांधला, वर ताडपत्री ओढली. नाल्यात वरून कोरडी वाळू होती. हातभर खोदलं की पाणी लागतं, तसा झिरा केला. ज्वारीचं पीठ, तिखट, मीठ, कांदे, गूळ, फुटाणे, तेलाची बाटली. सरपण म्हणून शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा. दोन पोती, एक घमेलं, एक खराटा, गोधडी. यापेक्षा जास्त माणसाला लागत नाही. जास्त आणलं की तेच राखत बसावं लागतं.

मोह फुलायच्या आधी झाड सगळी पानं टाकतं. खाली गुडघाभर पाला होतो. फूल पाल्यात पडलं तर सापडत नाही, म्हणून जमीन साफ करावी लागते. आमच्याकडे सगळे एकच करतात. पाला गोळा करायचा आणि काडी लावायची. तासाभरात जमीन स्वच्छ होते, वर राखेचा थर बसतो आणि पांढरट फूल त्यावर लांबून दिसतं. मीही खराट्याने ढीग केले आणि काडीपेटी काढली.

"आजी, ती काडीपेटी इकडं द्या."

मागे फॉरेस्टची गार्ड उभी होती. पस्तिशीची बाई, खाकी कपडे, पायात बूट, हातात काठी.

"कायले?"

"जाळ लावायचा नाही. यंदा कडक आहे."

"म्या पन्नास वर्सं लावून राह्यली."

"मग पन्नास वर्षांत या टेकाडावर एक तरी मोहाचं लहान झाड उगवलेलं दाखवा मला. एक दाखवा, मी निघून जाते."

मी काही तिच्यासाठी बघितलं नाही. मला वाटलं, दाखवून हिला गप्प करू. झाडाभोवती फिरले, दिराच्या चार झाडांखाली फिरले, पुढच्या घरांच्या झाडांपर्यंत गेले. म्हातारी झाडं होती. कंबरेएवढंही एक पोर झाड नव्हतं. दरवर्षी बी पडतं, पावसात उगवतं आणि फाल्गुनात आम्ही ते जाळतो. हे मी रोज बघत होते आणि मला दिसत नव्हतं. मी परत आले आणि काडीपेटी तिच्या हातात दिली.

"मंग भाकरी कायवर करू? माह्या डोकशावर?"

तिने जागा दाखवली. झाडापासून चाळीसेक पावलं खाली, नाल्याच्या वाळूत. तिथे खड्डा करायचा, त्यात चूल, आणि उठताना पाणी ओतायचं. टेकाडावर विस्तव आणायचा नाही. तिने याच अटींचा एक कागद काढला. मी चौथीपर्यंत शिकले आहे, वाचल्याशिवाय सही करत नाही. वाचायला मला वेळ लागला. ती काठीवर रेलून उभी राहिली, घाई केली नाही. सही केल्यावर तिने काडीपेटी परत दिली.

जाताना म्हणाली, "नाल्याच्या वरच्या अंगाला वाघाचे पंजे दिसले मागच्या आठवड्यात. एकट्या नका राहू."

"तं तुमी राहा माह्यासंग."

"अन् माही बीट कोन फिरन?" ती एकदम घरच्यासारखी बोलली. "मलेबी एकटीलेच फिरा लागते, आजी."

पाला हाताने न्यायला मला चार दिवस लागले. जुन्या लुगड्यात भरायचा, गाठोडं पाठीवर घ्यायचं, नाल्याच्या पलीकडच्या खड्ड्यात रिकामं करायचं. तासाभराचं काम चार दिवसांचं झालं. उजवा गुडघा सुजला. त्याला गरम वाळूने शेकलं आणि पुन्हा पाला भरला.

पाचव्या दिवशी दीर आणि जाऊ आले. गार्ड दुसऱ्या बाजूला गेली आहे हे बघून त्याने चारही झाडांखाली जाळ लावला. तासाभरात मोकळा झाला. मग माझ्या झाडापाशी आला. कूड बघितला, झाडलेली जमीन बघितली, इकडेतिकडे बघितलं.

"वयनी, चूल कुठी हाये?"

मी खाली नाल्याकडे हात केला. तो कडेपर्यंत गेला, वाकून बघितलं आणि जोरात हसला.

"चूल नाल्यात, झाड टेकावर! मंग नाला तुमचा, वयनी. झाड माहं."

बाकीच्या घरांची माणसंही तोपर्यंत आली होती. तीही हसली. नियम त्याच्या बाजूने होता. झाडाखाली चूल, असंच आम्ही म्हणत आलो होतो. बावीस दिवस राहिले तरी शेवटी तो हेच म्हणणार, हे मला तिथेच कळलं.

वर गुपचूप तीन दगड मांडून थोडा जाळ केला असता तर त्याचं तोंड बंद झालं असतं. गार्ड रोज येत नव्हती. पण मी सही केली होती. आणि दुसरं, ती बरोबर होती. बरोबर माणसाला फसवून झाड राखायचं असेल तर त्या झाडाखाली बसायचं तरी कशाला? मी ठरवलं की नियमातलं दुसरं जे आहे, मुक्कामाचं, त्यात एक दिवसही खाडा होऊ द्यायचा नाही. चुलीचं हंगाम संपल्यावर बघू.

मग मोह पडायला लागला. फूल पहाटेपासून पडतं, ऊन चढेपर्यंत. टपटप आवाज येतो. अंधार सरला की वेचायला बसायचं. वाकून वेचणारं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतं, म्हणून थोड्याथोड्या वेळाने सरळ उभं राहायचं आणि मोठ्याने खोकायचं. कंबर त्याने दुखते, पण कंबरेशिवाय बाकीचं अंग घरी परत जातं. नऊ वाजेपर्यंत घमेल्यावर घमेलं भरायचं. फूल ओलं आणि चिकट असतं. ते खडकावर पातळ पसरायचं, चार उन्हं द्यायची. तांबूस झालं की काठीने झोडून आतला भुसा काढायचा आणि पोत्यात भरायचं. मग खाली जाऊन भाकरी टाकायची. दुपारी झोप. संध्याकाळी खडकावरचं फूल हलवायचं, झाकायचं. दिवस असाच जातो. कोणी म्हणतं जंगलात फार शांत वाटत असेल. जंगलात पाखरं ओरडतात, माकडं भांडतात, पलीकडच्या झाडाखाली दीर मोबाईलवर मोठ्याने बातम्या लावतो. शांत काही नसतं.

फूल पडायला लागल्यापासून सहाव्या दिवशी अस्वल आलं. त्यात चूक माझीही होती. इतर झाडांखाली चुलीचा धूर असायचा, राखेचा वास असायचा. माझ्या झाडाखाली नव्हता. मग ते धुराकडे कशाला जाईल? नुकतं फटफटलं होतं. कुडातून बाहेर आले तर माझ्या झाडलेल्या जमिनीवर ते बसलेलं, आणि माझंच फूल फुरफुर करत खात होतं. मी घमेलं घेतलं आणि दगडाने बडवलं. त्याने मान वर केली, बघितलं, पुन्हा खायला लागलं. मी आणखी बडवलं, तोंडाला येईल ते ओरडले. त्याला घाई नव्हती. त्याच्या बाजूचं संपल्यावर ते उठलं आणि नाल्याच्या अंगाने उतरून गेलं. कुस्ती म्हणतात ती एवढीच.

आवाज ऐकून दीर काठी घेऊन धावत आला होता. तेवढं त्याचं सांगितलं पाहिजे.

"लागलं नाई ना कुठी?"

"नाई."

दम खाल्ल्यावर म्हणाला, "चूल वर असती तं आलं नसतं ते."

ते खरं होतं. पण म्हणून मी चूल वर आणली नाही. जावेच्या हातून घरच्या जुन्या डब्यांचे पत्रे मागवले, दोरीला ओवून झाडाभोवती गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधले. दोरीला धक्का लागला की खणखणाट व्हायचा. त्यानंतर ते दोनदा आलं आणि दोनदा वाजवून परत गेलं. दुसऱ्या वेळी दिराच्या झाडाखाली गेलं. मी हसले नाही असं म्हणणार नाही.

जाऊ दुपारी माझ्याकडे येऊन बसायची. कधी बेसनाचं चून आणायची, कधी मिरचीचा ठेचा. एकदा म्हणाली, "त्यायनं झाडाचं लय मनावर घेतलं हो बाई. पाचवं झाड आलं का सहा घरात मोठे होतीन म्हने."

"चारात लहान हायेत का?"

"मी बी तेच म्हनलं. मले म्हनते, तुले काय समजते."

"तुले समजते म्हनून तं त्यायले राग येते," मी म्हटलं. ती पदर तोंडाला लावून हसत बसली.

चौदाव्या दिवशी दुपारी आभाळ आलं. वारा सुटला, वाळायला टाकलेलं फूल खडकावरून उडायला लागलं. सगळ्यांनी जमेल तेवढं पोत्यात कोंबलं आणि पोती डोक्यावर घेऊन गावाकडे निघाले. पोरंबाळं पुढे, बाया मागे. दीर माझ्या कुडापाशी थांबला.

"वयनी, चाला. ईज पडन."

"तुमी जा."

"हट्ट करू नोका. झाडापायी मरता का?"

"झाडाखाली नाई बसत. जा तुमी, पोतं भिजून राह्यलं तुमचं."

मी मूर्ख नाही. वीज उंच झाडावर पडते हे मला माहीत आहे. कुडावरची ताडपत्री सोडली, पोती ओढत खडकापाशी नेली. तिथे खडकाला पोटाखाली जागा आहे, दोन माणसं बसतील एवढी. पोती आत ढकलली, स्वतः पुढे बसले आणि ताडपत्री डोक्यावरून ओढून घेतली. गारा बोराएवढ्या होत्या. ताडपत्रीवर पडल्या की कोणी मुठी मारतंय असं वाटायचं. तिथून माझं झाड दिसत होतं. अजून न पडलेलं फूल गारांनी झोडून खाली येत होतं आणि चिखलात जात होतं. त्याला इलाज नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे बघणं सोडलं.

अंधार पडायच्या आत गारा थांबल्या, पाऊस सुरू राहिला. कूड आडवा झाला होता. नाला भरून वाहत होता. माझी चूल, खड्डा, उरलेल्या पऱ्हाट्या, सगळं पाण्याने नेलं होतं. पिठाला ओल लागली. मी शिळी अर्धी भाकर आणि कांदा खाल्ला. पुढचे दोन दिवस फुटाणे आणि गूळ. विस्तव नव्हता, असता तरी पेटला नसता. गोधडी ओली होती, ती पोत्यांवर टाकली आणि मी कोरड्या पोत्याला टेकून झोपले. घरी जावं असं मनात आलं का? आलं. पाऊण तासाची वाट. घरी कोरडं लुगडं होतं, गरम चहा होता. पण गेले असते तर दिराला चुलीबद्दल बोलायची गरजही उरली नसती. मुक्काम मोडला असता आणि तोच पुरला असता. मी बसून राहिले.

दुसऱ्या सकाळी गार्ड आली, गुडघ्यापर्यंत चिखल. बाकी पाचही घरांच्या जागा रिकाम्या बघत ती येत होती आणि शेवटी मी दिसले.

"आजी! तुम्ही इथंच?"

"मंग कुठी जाऊ?"

"मेल्या असत्या तर माझी नोकरी गेली असती."

"तुमच्या नोकरीसाठीच जित्ती हावो."

तिने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून दिला आणि मला ओरडत राहिली. मी पुडा खाल्ला आणि ओरडणं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. दुपारी बाकीचे वर आले. मी कूड पुन्हा उभा केला होता आणि काळं पडलेलं फूल बाजूला काढून चांगलं निवडत होते. नाल्याच्या वाळूत नवा खड्डाही केला होता. दिराने येता येता माझ्याकडे बघितलं, पण हसला नाही. त्यानंतर झाडाने थोडं थोडंच टाकलं. बाविसाव्या सकाळी मूठभर पडलं, तेविसाव्याला काहीच नाही.

मोह संपला की सहाही घरं टेकाडाच्या मध्यावर बसतात आणि पुढच्या वर्षीची झाडं बोलून घेतात. एकेक घर म्हणतं, आमची एवढी, आमची तेवढी. बाकीचे हो म्हणतात आणि उठतात. दरवर्षी दहा मिनिटांचं काम. माझी पाळी आली. मी म्हटलं, "आमचं एक."

दीर म्हणाला, "थांबा. चूल झाडाखाली नव्हती. नियम हाये का नाई?"

"हाये," मी म्हटलं.

"मंग झाड सुटलेलंच हाये. म्या बाजूले झाडलं, म्या धरतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बहुतेकांना वाटलं मी रडेन किंवा शिव्या देईन.

"भाऊजी, गारा पडल्या त्या दिवशी तुमची चूल पेटली का?"

"गारात कशी पेटन?"

"दुसऱ्या दिवशी?"

मी जावेला विचारलं, "तू सांग वं."

"आमी तं घरी होतो," जाऊ म्हणाली. "भजे केलते."

"चूप बस ना तू!" तो तिच्यावर ओरडला, पण लोक हसायला लागले होते.

"म्हंजे दोन दिवस तुमच्या चाराही झाडाखाली ना चूल, ना मानूस," मी म्हटलं. "बाकी घरायचं बी तसंच. म्या अठी होती. चूल माही बी वाहून गेली, पन म्या होती. नियम धरता तं सगळ्यायले धरा. मंग या टेकावर आज एकाचंबी झाड नाई राह्यलं. अन् अखरीपर्यंत कोन बसलं म्हनून इचारलं, तं सगळी झाडं माही होतात. देता का?"

पलीकडच्या घरचा माणूस म्हणाला, "काकी, तुमी सगळी झाडं घेऊन काय करसान?"

"मले नोको. माहं एक पुरे. पन चुलीचं सोडा. मुक्काम धरा. अन् गारा-पावसात कोनी घरी गेलं तं त्याले धरू नोका."

"चूल कुठी करायची मंग?" दुसऱ्याने विचारलं.

"नाल्यात. यंदा गार्डनं माही सही घेतली, पुढं तुमची घेईन. अन् पाला जाळू नोका. टेकावर मोहाचं एक पोर झाड नाई. हे म्हातारे झाडं मेले का काय तुमच्या टकलावर मोह येईन?"

त्यावर थोडा वाद झाला. पाला उचलायला माणसं कोण लावणार, असं दोघं म्हणाले. मी म्हटलं, माझ्या गुडघ्याने चार दिवसांत केलं, तुमच्या गुडघ्यांनी दोन दिवसांत होईल. पाला न जाळायचं सगळ्यांनी कबूल केलं नाही, खोटं कशाला लिहू. पण चुलीचं मान्य झालं. मुक्काम ज्याचा, त्याचं झाड.

दीर सगळ्यात शेवटी उठला. माझं एक पोतं त्याने न विचारता खांद्यावर घेतलं आणि उतारावर चालायला लागला. बऱ्याच वेळाने मागे न बघता म्हणाला, "पुढच्या साली बी येता का तुमी?"

"यीन."

"त्याच्या पुढच्या साली?"

"जित्ती राह्यली तं यीन."

तो म्हणाला, "लय जगसान तुमी." कौतुक होतं की तक्रार, ते त्याचं त्याला माहीत.

ज्येष्ठ लागला तेव्हा बी पडायला लागलं. मोहाच्या त्या बियांना आम्ही टोळी म्हणतो, त्यांचं तेल काढतात. टोळीला मुक्काम लागत नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, आता टोळीले तरी जाऊ नोको. तुहा गुडघा पाह्य."

मी म्हटलं, "झाड आपलं हाये. टोळी काय तुहा काका येचन?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेले.